पालथी किटली

दुधात पाणी घालायचे किती प्रकार असतात, ते मला विचारा. सरळ तांब्याभर ओतणारे सगळ्यात भोळे. त्यांच्या वरचे म्हणजे पाणी घालून ते लपवायला वर साखर ढवळणारे, आपल्याला कोण पकडतंय अशा ऐटीत उभे राहणारे. आमच्या गावात एक पैलवान होते. ते घरून चोख दूध घेऊन निघायचे, वाटेत तांब्याभर स्वतः प्यायचे आणि तेवढंच नळाचं भरून संस्थेत हजर व्हायचे. बायको बिचारी म्हशीला शिव्या घालायची.

आणि एक प्रकार असा, की पाणी घालणाऱ्यालाच ठाऊक नसतं आपण घालतोय म्हणून. तो मला कळायला वेळ लागला. त्याचीच ही गोष्ट.

कोडोलीजवळच्या आमच्या गावात मी सव्वीस वर्षं महिला दूध संस्थेची सचिव होते. शहरातल्या वाचकांना दूध पिशवीतून येतं एवढंच माहीत, म्हणून जरा समजावून सांगते. सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला गावातल्या बायका किटल्या घेऊन रांगेत उभ्या राहतात. प्रत्येकीचं दूध मापायचं, नमुना घ्यायचा, तपासायचं, मोठ्या कॅनमध्ये ओतायचं. मग टेम्पो येतो आणि कॅन वरच्या संघाकडं जातात. आता तपासायला मशीन आहे, चिठ्ठी आपोआप बाहेर येते. माझ्या वेळी फॅटचा आकडा काढायला वेगळी खटपट होती आणि पाणी ओळखायला लॅक्टोमीटर. काचेची नळी, बुडाला वजन. दुधात सोडली की तरंगते. चोख दुधात वर राहते, पाणी असेल तर खाली बुडते. तिच्यावरच्या आकड्याला आम्ही डिग्री म्हणायचो.

ती नळी हातात आली तेव्हा मी चौतिशीची होते. फौजदाराच्या हातात काठी यावी तसं माझं झालं. नळी दुधात सोडायची, वाकून बघायचं, भुवई उंच करायची आणि मग अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असा आकडा सांगायचा. लोक मला डिग्रीबाई म्हणायचे. मला वाटायचं बारावी पास आहे म्हणून म्हणतात. मी खूश.

नियम असा होता. पहिल्यांदा पाणी लागलं तर ताकीद, दुसऱ्यांदा फळ्यावर नाव, तिसऱ्यांदा महिनाभर दूध बंद. फळ्याची कल्पना माझी. माझं अक्षर फार देखणं होतं आणि ते दाखवायला गावात दुसरी जागा नव्हती.

शांताक्का सात नंबरच्या सभासद. संस्था काढायची म्हणून पहिले अंगठे उठले त्यात त्यांचा एक. पन्नाशीला टेकलेल्या, उंच, मोठ्या आवाजाच्या. नवरा बापू, मुलगा, सून, नातू, असं भरलं घर. पण अक्कांची ओळख घरावरून नव्हती, म्हशीवरून होती. मैना म्हणजे काय म्हैस होती! तिच्या दुधात नळी सोडली की वरच उभी राहायची. मी दुसऱ्या बायकांना बोलावून दाखवायची, "दूध असं असतंय, बघा."

त्या पावसाळ्यात एका सकाळी अक्कांच्या दुधात नळी खाली गेली. मला वाटलं, ओला चारा खाल्ला असेल. ताकीद दिली, पण हळू आवाजात. आठवड्यानं परत गेली. मग मात्र मी फळ्याजवळ गेले आणि माझ्या त्या देखण्या अक्षरात लिहिलं, 'पाणी आढळले : शांताबाई, सभासद नं. ७'. वेलांटी जरा जास्तच झोकदार काढली, ते अजून आठवतं.

संध्याकाळी बापू तडक आले. मागं अक्का.

"शेक्रेटरीबाई, आमच्या घरात पाणी घालायची रीत न्हाय. उद्या गोठ्यावर येऊन नमुना घ्या!"

गोठ्यावरचा नमुना म्हणजे आमच्या धंद्यातलं शेवटचं कोर्ट. सभासदाला निकाल मान्य नसेल तर सचिवानं त्याच्या गोठ्यावर जायचं, डोळ्यांदेखत धार काढून घ्यायची आणि तिथंच तपासायचं. त्यावर मग कुणी बोलायचं नाही.

अक्का मागून हळूच म्हणाल्या, "नको की. लिवलंय ते लिवलंय. ऱ्हाऊ दे."

चौतिशीतल्या विमलनं, म्हणजे मी, लगेच ओळखलं. घाबरली, म्हणजे हिनंच घातलंय. त्या आनंदात मी रात्री नळी रांगोळीनं घासून ठेवली.

सकाळी उजाडता उजाडता गोठ्यावर गेले. बापू वैरण आणायला गेले होते. अक्कांनी किटलीत पाणी घेतलं, खळबळलं. आता ते ओतून किटली दगडावर पालथी घालायची, हे त्या सात वर्षांच्या असल्यापासून करत आल्या असतील. पण त्या किटली हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. मैनाकडं बघत. मग एकदम म्हणाल्या, "अगं बया, रेडकू सोडायचं ऱ्हायलं." किटली भिंतीशी ठेवली, तशीच, उभी. रेडकू सोडलं, मैनानं पान्हा सोडला, बादलीत धार काढली. आणि फडक्यातून गाळून ते दूध त्यांनी किटलीत ओतलं.

मी समोर उभी. किटलीत पाणी होतं आणि माझ्यादेखत त्यावर दूध पडत होतं. चोरी करणारं माणूस फौजदारासमोर अशी चोरी करत नाही.

"अक्का," मी म्हटलं, "आत पाणी होतं."

"कसलं पाणी?"

"धुतलेलं. तुम्ही ओतलंच नाही."

त्यांनी किटलीत वाकून बघितलं. आता पांढऱ्या दुधात काय दिसणार? तरी बघत राहिल्या. मग गव्हाणीच्या कडेला बसल्या.

"म्हंजे रोज मीच घालतोय व्हय?"

आमच्याकडं बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. त्यात एरवी एक रग असते. त्या सकाळी नव्हती.

"दोन वर्सं धड झोप न्हाय बघ," त्या म्हणाल्या. "अंगातनं नुसत्या वाफा निघत्यात. मग हितं येऊन बसतो, मैनाजवळ. फरशी गार असती. कालवणात मीठ दोनदा पडतंय. परवा नातवाला शाळंतनं आणायचंच इसरलो, पोरगं फाटकाला धरून रडत हुतं. कशात हात घालावा वाटत न्हाय. रडाय येतंय, पण कशापायी ते काय म्हाईत न्हाय. पाळी बंद झाली तवा म्हटलं, सुटलो. कुठलं काय!"

"मग फळ्यावर नाव आलं तेव्हा बोलला का नाही?"

अक्कांनी मैनाच्या पाठीवर हात ठेवला. "बोलून काय सांगू? चोराच्या हातात म्हैस ठेवत्यात विमल. येडीच्या हातात कोण ठेवील? पोरगा कवापासनं म्हणतोय, इकूया, आईच्यानं व्हईना झालंय. चोर म्हणू देत. येडी म्हणाय नको." आणि मग, "कुणाला बोलू नगंस."

"नाही बोलत," मी म्हटलं.

आता पुढचं लिहिताना पेन अडतं, पण लिहायलाच पाहिजे. तासाभरात मी संस्थेत आले, ओल्या फडक्यानं फळा पुसला आणि पंचवीस बायकांच्या रांगेसमोर भाषण केलं. भाषणाची मला हौस. म्हटलं, "शांताक्का चोर नाहीत! त्यांना हल्ली काही लक्षात राहत नाही. डोक्याचा त्रास आहे. सगळ्यांनी सांभाळून घ्या."

मला खरंच वाटत होतं की मी फार मोठं काम केलं. टाळ्या का वाजत नाहीत, याचं नवल वाटलं.

दुपारपर्यंत गावभर झालं, शांताक्काचं डोकं फिरलं. संध्याकाळी किटली घेऊन त्यांची सून आली. म्हणाली, "आत्ती आता येणार न्हाईत. म्हस येत्या बाजारला न्यायची ठरलीया."

त्याच संध्याकाळी मुल्लाणी सिस्टर दूध न्यायला आल्या. गावातल्या उपकेंद्राच्या नर्स. पंचावन्नच्या पुढच्या, गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. तांब्या पुढं केला आणि म्हणाल्या, "विमल, आज फार पुण्याचं काम केलंस म्हणे."

मी लाजून म्हटलं, "असू दे हो सिस्टर."

"असू दे काय? मूर्ख आहेस तू." तांब्या तसाच धरून त्यांनी मला झापलं, अगदी हळू आवाजात. मला मोठ्यानं झापायचीच सवय, म्हणून ते जास्त लागलं. "वेड नाही ते. पाळी जायच्या दिवसांत झोप उडते, अंग तापतं, विसरायला होतं, जीव घाबरा होतो. तेवढंच असतं तर बाई निभावून नेते. पण त्याच दिवसांत सून अजून पोर, नातू लहान, नवरा म्हातारा, म्हैस दावणीला. कोणी म्हणतं का, बस जरा? तीस वर्षं ओढत आलेली बाई तिथं संपते. काम सुटत नाही, ताकद सुटते. याला औषध आहे, विश्रांती आहे, बोलणं आहे. आणि तू काय दिलंस? भाषण."

"आता काय करू?"

"उद्या माझ्याबरोबर चल. तोंड बंद ठेवायचं. जमेल?"

जमवलं. अक्कांच्या सोप्यात मी खांबाला टेकून गप्प बसले, आयुष्यात पहिल्यांदा. अक्का आतून बाहेर आल्या नाहीत. बापू म्हणाले, "सिस्टर, गोळ्या काय त्या द्या. पण आराम बिराम कसा जमंल? घर हाय."

सिस्टरनी विचारलं, "बापू, मैना व्यायच्या आधी तिला आटवता की नाही?"

"आटवतो की. दोन म्हैनं धार काढत न्हाय."

"का?"

"का म्हंजे? तिच्या अंगात ताकद भराय नको व्हय?"

"आणि हिला किती दिवस दिलेत? तीस वर्षांत?"

बापूंनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. तेवढ्यात गोठ्यातून सून आली, मोकळी बादली घेऊन. मैनानं तिला पान्हाच सोडला नव्हता. सकाळपासून दुसऱ्यांदा. बापू मुलाकडं वळून म्हणाले, "बाजार ऱ्हाऊ दे. म्हशीलाच जर दुसरं माणूस चालंना, तर तू कोण ठरवणार?"

मैनानं अक्कांसाठी जे केलं, ते मी केलं असतं तर आज मान वर करून लिहिलं असतं.

सिस्टरनी अक्कांना शहरात, शाहूपुरीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. रक्त फार कमी निघालं. गोळ्या सुरू झाल्या, दुपारची झोप सुरू झाली. पण संस्थेत यायला त्या तयार नव्हत्या. रांगेत सगळ्या बघतील, म्हणायच्या. ते मात्र माझं काम होतं, कारण बघायला मीच शिकवलं होतं.

मी बसून एक आदेश तयार केला. फळ्यावर लिहिलं, साध्या अक्षरात. 'वरून आलेल्या आदेशानुसार सर्व सभासदांच्या किटल्या यापुढे संस्थेतच गरम पाण्याने धुतल्या जातील. किटली पूर्ण निथळेपर्यंत कट्ट्यावर पालथी ठेवावी. घरी धुऊ नये. सभासदाने स्वतः थांबावे.'

वरून काही आलं नव्हतं. कोरडी किटली घरी गेली म्हणजे तिच्यात पाणी राहायचा प्रश्न मिटला, आणि एकट्या अक्कांकडं बोट नको म्हणून सगळ्यांना नियम. माझं डोकं एवढंच चाललं होतं. पुढं जे झालं त्याचं श्रेय मला देऊ नका.

झालं असं, की किटली निथळायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ बायकांना घरी जाता येईना. कट्ट्यावर किटल्यांची रांग पालथी आणि शेजारी बायकांची रांग, काही न करता बसलेली. घरून कुणी हाक मारायला आलं तर एका सुरात, "किटली वाळायचीया, आदेश हाय!"

आठवड्यानं अक्का आल्या. रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या. मी त्यांचं दूध मापलं, डिग्री बघितली, आकडा फक्त वहीत लिहिला. दूध चोख होतं. किटली पालथी घालून त्या कट्ट्याच्या अगदी टोकाला टेकल्या.  मग हौसा म्हणून एक तिखट बाई होती, तिनं त्यांना कोपरानं ढकललं.

"अक्का, सरक की जरा आत. पडशील, मग पुन्यांदा फळ्यावर नाव लागंल."

सगळ्या हसल्या. अक्का पण हसल्या. मग हौसाच म्हणाली, "तुला तरी वाफाच येत्यात. मला राग येतोय. आधी नवऱ्याच्या घोरण्याचा यायचा, आता नुसता श्वास घेतला तरी येतोय." आणि तिथून जे सुरू झालं ते काय विचारता! कुणाची छाती धडधडते, कुणाला भांडी फोडावीशी वाटतात, कुणी दिवा लावायला देव्हाऱ्यासमोर बसली आणि कशाला बसलो तेच आठवेना. मुल्लाणी सिस्टर बरोबर त्या वेळेला दूध न्यायला यायच्या आणि तांब्या भरला तरी जायच्या नाहीत. कुणाला तपासायला न्यायचं ते तिथंच ठरायचं.

मी आत कॅनजवळ उभी राहून ऐकायची आणि मनात म्हणायची, कसली एकेक नाटकं ही! शिकले होते, पण पुरती नाही.

पुढं पंधरा वर्षं गेली. मुल्लाणी सिस्टर निवृत्त होऊन कागलला लेकीकडं गेल्या. आणि माझी पाळी आली, म्हणजे जायची वेळ आली. ती नळी कुणाकुणाच्या दुधात बुडवली, आता माझ्याच अंगात कुणीतरी पाणी ओतल्यासारखं झालं. चार वाजल्यापासून जाग. आकडे दिसायचे पण डोक्यात शिरायचे नाहीत. लॅक्टोमीटर दिवसभर शोधला, तो तांदळाच्या डब्यात निघाला. एकदा फॅट कमी लागली म्हणून रडले, आणि ते दूध माझं नव्हतंच. घरी कुणाला सांगितलं नाही. ज्या सचिवबाईनं पंचवीस जणींसमोर 'डोक्याचा त्रास' असं जाहीर केलं होतं, ती स्वतःचं कुठल्या तोंडानं सांगणार?

एका सकाळी वरच्या संघाचा सुपरवायझर मोटारसायकलवरून थेट रांगेतच आला. आदल्या दिवशीच्या एका कॅनला पाणी लागलं होतं. थोडंथोडकं नाही, अर्धी बादली.

"कॅन कुणी धुतले होते?"

मला त्या क्षणी सगळं दिसलं. काल कॅनमध्ये पाणी ओतलं, खळबळलं, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून वळले. कॅन तसाच उभा. रोज कॅन मीच धुवायची आणि रांगेतल्या सगळ्यांनी काल मला धुताना बघितलं होतं. मी हातातली नळी पुसत राहिले. नोकरी, नाव, सव्वीसातली सोळा वर्षं, सगळं त्या अर्ध्या बादलीत.

"म्या धुतलं," रांगेतून आवाज आला.

शांताक्का. पासष्टीच्या झाल्या होत्या, आवाज तसाच मोठा.

सुपरवायझर म्हणाला, "तुम्ही? तुम्ही सभासद ना?"

"मग? बाईंची कंबर धरली हुती. म्हटलं, मी धुतो. पाणी वतायचं ऱ्हायलं. म्हातारं माणूस, इसरलं. घाला फळ्यावर नाव. मला सवय हाय."

त्यानं रांगेवरून नजर फिरवली. "खरं काय?"

पंचवीस बायका. त्यातली एकही खोटं बोलली नाही, कारण एकही बोललीच नाही. हौसा तर आभाळाकडं बघत होती, पाऊस येतोय का ते.

त्यानं मला पुढं लक्ष ठेवायची ताकीद दिली आणि तो निघून गेला.

गेल्या महिन्यात माझी सून शाहूपुरीतल्या ऑफिसला निघाली आणि अर्ध्या वाटेतून परत आली. गाडी दारात लावून तिच्यावरच बसून रडत होती. सत्तेचाळीस वर्षांची पोर. म्हणाली, "आई, मी कामातून गेले. मला काही सुधरत नाही." तिला मी डॉक्टरीणबाईंकडं नेणारच होते, नेलंही. पण त्याआधी तिला शेजारी बसवून ही त्या सकाळची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, आई, हे लिहा. म्हणून लिहिलं.

सुपरवायझर गेल्यावर मी फळ्याजवळ गेले. खडू घेतला आणि लिहिलं, 'पाणी आढळले : विमल, सचिव'. वेलांटी काही जमली नाही.

मागून अक्का आल्या. पदराचा शेव घेतला आणि माझं नाव पुसून टाकलं. निळ्या पदरावर पांढरी रेघ उमटली.

"एवढं लिवून दमलीस," त्या म्हणाल्या. "ये, कट्ट्यावर बस."

"अक्का, दूध मापायचंय. रांग उभी आहे."

"हौसा मापंल. तिला कळतंय." त्यांनी माझ्या हातातली नळी काढून हौसाकडं दिली आणि स्वतःची किटली कट्ट्यावर पालथी घातली. "हे निथळंपतोर उठायचं न्हाय."

"पण..."

"पण बिण न्हाय. वरचा आदेश हाय!"

अख्खी रांग खो-खो हसली. हौसा इतकी हसली की नळी हातातून सुटायची वेळ आली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वरून कधी काही आलं नव्हतं, हे या सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पंधरा वर्षं त्या माझा खोटा नियम खऱ्यासारखा पाळत होत्या.

अक्का सरकल्या. मी बसले.